गाव नेब्रास्कात, कोर्ट ओमाहात: ग्रामीण काउंटीतून दिवाळखोरीची नोंद कशी शोधायची आणि अर्ज कसा करायचा

गारपिटीत आमच्या मोटेलच्या छपराची चाळण झाली, तेव्हा एका कंत्राटदाराला मी साडेचार हजार डॉलर आगाऊ दिले. तो काही आला नाही. दोन महिन्यांनी एक पातळ लिफाफा मात्र आला. त्याने चॅप्टर ७ खाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी मिटवण्याच्या प्रकरणाखाली, दिवाळखोरी जाहीर केली होती आणि धनकोंच्या यादीत माझं नाव होतं. मी लिफाफा घेऊन तडक काउंटी कोर्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हे इथलं नाही, ओमाहाचं आहे." ओमाहा आमच्याकडून पाच तासांवर.

त्या दिवशी पाच तासांच्या गाडीची काहीच गरज नव्हती, हे मला पुढे वर्षभराने कळलं. पश्चिम नेब्रास्कात आडनाव पटेल नसलेले मोटेलवाले आम्ही एकटेच, त्यामुळे आसपासच्या आठ-दहा मराठी घरांतून असले लिफाफे आता माझ्याकडे येतात: कुणी रुरल हॉस्पिटलमधला डॉक्टर, कुणी गॅस स्टेशन चालवणारं जोडपं. मी वकील नाही. पण कोणती खिडकी कशाची, हे सांगू शकते.

आधी दार ओळखा

अमेरिकेत दिवाळखोरी हा फेडरल विषय आहे. राज्यघटनेनेच तो काँग्रेसकडे सोपवलाय, आणि आज लागू असलेली संहिता १९७८ ची. म्हणून दिवाळखोरीची फाइल काउंटी कोर्टात, शेरीफकडे किंवा राज्याच्या कुठल्याही कोर्टात नसते. देशात ९४ फेडरल न्यायिक जिल्हे आहेत. नेब्रास्काचं अख्खं राज्य मिळून एक जिल्हा होतो. काउंट्या ९३, आणि दिवाळखोरी कोर्टाच्या क्लार्कची ऑफिसं दोन: ओमाहातलं रोमन हृस्का फेडरल कोर्टहाउस आणि लिंकनची फेडरल बिल्डिंग.

उदाहरणाला चेरी काउंटी घेऊ. मुख्य गाव व्हॅलेंटाइन. क्षेत्रफळ सुमारे ६,००० चौरस मैल, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्तच. वस्ती मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. काउंटी इतकी पसरलेली की तिच्या पूर्वेकडच्या भागाचं घड्याळ सेंट्रल टाइमवर चालतं आणि पश्चिमेकडचं माउंटन टाइमवर. हे गमतीसाठी सांगत नाहीये. सुनावणीच्या नोटिशीवर एकच वेळ छापलेली असते. ती कुठल्या घड्याळाची हे न बघितल्यामुळे एक गृहस्थ तासभर उशिरा हजर झाले होते.

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावामुळे. व्हॅलेंटाइनला 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' आहे, पण ते राज्याचं. फेडरल कोर्टाचंही नाव 'डिस्ट्रिक्ट कोर्ट'च, फक्त पुढे 'युनायटेड स्टेट्स' लागतं. दिवाळखोरी कोर्ट या दुसऱ्याचा भाग आहे. कागदाच्या माथ्यावर 'युनायटेड स्टेट्स बँकरप्सी कोर्ट' असं दिसलं की गावच्या कोर्टात हेलपाटा घालू नका.

मग काउंटीत काय असतं? वसुलीचे दावे, त्यांचे निकाल, पगारावर आलेली टाच, घराच्या लिलावाची कागदपत्रं, आणि रजिस्टर ऑफ डीड्सकडे खरेदीखतं व मालमत्तेवरचे बोजे. एखादा माणूस आर्थिक अडचणीत आहे का हे पाहायचं असेल तर दोन्हीकडे शोधावं लागतं. काउंटीत बोजा दिसतो आणि फेडरल कोर्टात दिवाळखोरी. एकीकडे काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. विशेषतः जुनं मोटेल किंवा दुकान विकत घेत असाल तर मुळीच नाही.

नोंद शोधणं: फोन, पेसर आणि फुकटचे मार्ग

फक्त 'अर्ज झालाय का, कधी, कोणत्या चॅप्टरखाली' एवढंच हवं असेल तर फोन पुरतो. कोर्टांची एक स्वयंचलित सेवा आहे, ८६६-२२२-८०२९, चोवीस तास चालू आणि फुकट. नाव किंवा केस क्रमांक सांगितला की यंत्र केसची स्थिती, तारखा, ट्रस्टीचं (केस सांभाळायला नेमलेल्या माणसाचं) आणि वकिलाचं नाव वाचून दाखवतं. आमच्याकडे इंटरनेट बर्फात मान टाकतं, तेव्हा मी हेच वापरते.

कागद पाहायचे तर पेसर. ही फेडरल कोर्टांची सार्वजनिक नोंदींची साइट. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. क्रेडिट कार्ड दिलंत तर खातं लगेच सुरू होतं. नाही दिलंत तर सांकेतिक क्रमांक टपालाने येतो, त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. दर पानाला १० सेंट, आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. म्हणजे बारा पानांच्या अर्जाला १ डॉलर २० सेंट, आणि ऐंशी पानांच्या परिशिष्टांनाही ३ डॉलरच. मेख अशी की ही ३ डॉलरची मर्यादा नाव टाकून केलेल्या शोधाला लागू नाही. 'शाह' किंवा 'पाटील' एवढंच टाकून देशभर शोधलंत तर निकालाच्या प्रत्येक पानाचे पैसे पडतात. पण तीन महिन्यांत एकूण बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झालं तर ते सगळं माफ होतं. घरगुती कामासाठी मला आजवर एक पैसा द्यावा लागलेला नाही.

शोधायला सुरुवात 'केस लोकेटर'पासून करा, थेट नेब्रास्काच्या पानावरून नको. लोकेटर देशभरातल्या कोर्टांची एकत्र सूची दाखवतो. माणूस आज व्हॅलेंटाइनला असेल, पण चार वर्षांपूर्वी त्याने न्यू जर्सीत अर्ज केलेला असू शकतो.

आपल्या लोकांची नावं शोधताना जरा जास्त डोकं चालवावं लागतं. वाघमारे 'डब्ल्यू'ने लिहितात तसे 'व्ही'नेही. वडिलांचं नाव कुणी मधलं नाव म्हणून लिहितं, कुणी आडनाव म्हणून, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असलेल्यांची तर तऱ्हाच वेगळी. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचं माहेरचं नावही टाकून पाहा. अर्जाच्या पहिल्याच पानावर गेल्या ८ वर्षांत वापरलेली सगळी नावं मागितलेली असतात, म्हणून ती सूचीत येण्याची शक्यता असते, पण माणसाने ती लिहिली असतील तरच. नाव सारखं असून माणूस वेगळा असल्याचा संशय आला तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जुळवून बघा. पूर्ण क्रमांक सार्वजनिक कागदावर कधीच येत नाही. जन्मतारखेतलं फक्त वर्ष दिसतं, आणि अल्पवयीन मुलांची फक्त आद्याक्षरं.

'रीकॅप' हा फुकटचा आणखी एक मार्ग. हे नाव इंग्रजीत पेसरची अक्षरं उलटी लिहून बनवलंय. ब्राउझरला ते जोडलं की दुसऱ्या कुणी आधी विकत घेतलेला कागद तुम्हाला मोफत मिळतो, आणि तुम्ही घेतलेला पुढच्यासाठी साठतो. ओमाहा किंवा लिंकनला काही कामानिमित्त जाणार असाल तर क्लार्कच्या ऑफिसातल्या सार्वजनिक संगणकावर फाइल पाहायला पैसे पडत नाहीत, फक्त छापील पानाचे पडतात. फार जुन्या, कागदी फायली राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. नेब्रास्कासाठी त्यांचं केंद्र कॅन्सस सिटीत आहे.

डॉकेट वाचताना

केस उघडली की समोर येतो तो डॉकेट, म्हणजे तारीखवार रोजनामा. सगळे कागद उतरवून घ्यायची हौस करू नका. आधी तीन गोष्टी बघा: चॅप्टर कोणता, ३४१ ची बैठक (ट्रस्टीसमोरची प्रश्नोत्तरं) कधी, आणि शेवटचा शब्द कोणता.

शेवटच्या शब्दातच सगळं आहे. 'डिस्चार्ज्ड' म्हणजे कोर्टाने त्या माणसाला देण्यातून मोकळं केलं. 'डिसमिस्ड' म्हणजे अर्ज निकाली काढला पण सुटका नाही, आणि देणं जसंच्या तसं उभं. आपले लोक दोन्ही 'डी'ने सुरू होतात म्हणून सरसकट 'सुटला' असं समजतात. 'क्लोज्ड' म्हणजे फक्त फाइल बंद झाली. ती दोन्ही प्रकारांत होते.

तुम्ही धनको असाल तर नोटीस नीट वाचा. माझ्या लिफाफ्यावर स्पष्ट छापलं होतं की वेगळी सूचना आल्याशिवाय दावा दाखल करू नका. म्हणजे वाटायला काही मालमत्ता असेल असं तेव्हा दिसत नव्हतं. आणि अर्ज दाखल झाल्याच्या क्षणापासून वसुलीला स्थगिती लागते. त्यानंतर मी त्याला पैशासाठी फोन केला असता तर उलट मीच अडचणीत आले असते. फसवणूक झाली असं वाटलं तर आक्षेप घ्यायची मुदत चॅप्टर ७ मध्ये ३४१ च्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवस.

स्वतःवर वेळ आली तर: कोणता चॅप्टर

'दिवाळं निघालं' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'नादार' येतो तोही हलक्या आवाजात. इथे दिवाळखोरी ही एक कायदेशीर सोय आहे, आणि तिला नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहणारा, किंवा इथे व्यवसाय वा मालमत्ता असणारा माणूस अर्ज करू शकतो. ग्रीन कार्डवाला करू शकतो, एच-१बी वाला करू शकतो. इमिग्रेशनचा अर्ज प्रलंबित असेल तर त्या वकिलाशी आधी बोला, एवढंच.

चॅप्टर ७ मध्ये कायद्याने संरक्षण न दिलेली मालमत्ता ट्रस्टी विकतो आणि बहुतेक विनातारण देणी मिटतात. यासाठी अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा महिन्यांचं घरचं उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. देणी मुख्यतः धंद्याची असतील तर ही परीक्षा लागत नाही, हे मोटेलवाल्यांनी आणि दुकानवाल्यांनी लक्षात ठेवावं. पोटगी, बहुतेक शैक्षणिक कर्जं, अलीकडचे कर आणि फसवून घेतलेला पैसा यातून सुटत नाही.

चॅप्टर १३ नियमित उत्पन्नवाल्यांसाठी. घराचे हप्ते थकलेत पण घर वाचवायचंय, तर तीन ते पाच वर्षांचा आराखडा मांडून थकबाकी फेडता येते. पहिला हप्ता अर्जानंतर ३० दिवसांत सुरू करावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा अशी: विनातारण देणं ५,२६,७०० डॉलरच्या खाली आणि तारणी १५,८०,१२५ डॉलरच्या खाली. हे आकडे दर तीन वर्षांनी बदलतात.

चॅप्टर १२ शहरातल्या लेखांत एका ओळीत उरकतात. आमच्या सँडहिल्समध्ये, या वाळूच्या टेकड्यांच्या कुरणपट्ट्यात, मात्र शेजाऱ्यांच्या तोंडी ऐकू येतो तो हाच. १९८६ साली, शेतीच्या मोठ्या संकटात, तो तात्पुरता म्हणून आणला गेला आणि २००५ मध्ये कायम झाला. तो शेतकरी आणि मच्छीमार कुटुंबांसाठी आहे. शेतकऱ्यासाठी देण्याची मर्यादा १,२५,६२,२५० डॉलर, आणि देण्यातला किमान निम्मा भाग शेतीचा हवा. याचं वैशिष्ट्य म्हणजे हप्ते महिन्याला न बांधता वासरं विकली जातात किंवा मका निघतो त्या हंगामाला बांधता येतात. आपल्याकडच्या कर्जमाफीसारखी ही सरकारने केलेली सूट नाही. शेतकरी स्वतः कोर्टात आराखडा मांडतो, साधारण ९० दिवसांत, आणि तो पाळावा लागतो.

धंदा एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर दोन गोष्टी. एलएलसीला वकिलाशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, आणि चॅप्टर ७ मध्ये तिला डिस्चार्ज मिळत नाही. धंदा चालू ठेवून देणी फेडायची असतील तर चॅप्टर ११ मधला छोट्या उद्योगांसाठीचा भाग आहे, ३४,२४,००० डॉलरपर्यंतच्या देण्यांसाठी. आणि बँकेला तुम्ही व्यक्तिशः जामीन राहिला असाल, बहुधा असालच, तर एलएलसी बुडाली तरी तुम्ही सुटत नाही. तुमचा स्वतःचा अर्ज वेगळा लागतो.

इथेच घोडं पेंड खातं

अंतर, वकील, फी, सगळ्यांतून वाट निघते. आपल्या लोकांची केस अडते ती 'सातबाऱ्यावर नाव आहे, पण ती काय माझी जमीन म्हणायची?' या वाक्यापाशी.

कायदा सांगतो की मालमत्ता जगात कुठेही असो, कुणाच्याही ताब्यात असो, ती मांडायची. पुण्यातला फ्लॅट, साताऱ्यातल्या वडिलोपार्जित घरातला न वाटलेला हिस्सा, आईबरोबरचं जोडखातं, एनआरई ठेव, पीपीएफ, सगळं. इथल्या ४०१-के ला (नोकरीतल्या निवृत्ती खात्याला) जे संरक्षण आहे ते पीपीएफला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. हिश्शाची किंमत शून्याच्या जवळ असेल, विकणं अशक्य असेल, तर तसं लिहा, पण लिहा. मी एका जोडप्याबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ही यादी केली. बाई दागिन्यांपाशी थांबल्या. मंगळसूत्र लिहायचं? हो, मंगळसूत्र, पाटल्या, सासूबाईंनी दिलेली मोहनमाळ, वजनासकट आणि आजच्या अंदाजी किमतीसकट. लिहिलं म्हणजे जातंच असं नाही. संरक्षणाची यादी वेगळी असते आणि तिच्यात काय बसवता येतं हे वकील बघतो. पण न लिहिलेलं सापडलं तर संरक्षणही हातचं जाऊ शकतं, आणि जाणूनबुजून लपवणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा फेडरल गुन्हा आहे. अर्जावरची सही खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जोखमीवरच केलेली असते.

दुसरा खड्डा हातउसन्यांचा. बँकेचं बुडवेन पण मेहुण्याचे दहा हजार आधी देईन, ही आपली रीत. कायद्याच्या नजरेत मेहुणा 'आतला माणूस'. अर्जाआधीच्या एका वर्षात त्याला केलेली परतफेड कागदावर सांगावी लागते, आणि ट्रस्टी ती रक्कम मेहुण्याकडून परत मागू शकतो. मेहुण्याला ओमाहाहून नोटीस गेली की दिवाळीचा फराळ बंद होतो, हे मी पाहिलंय. तसंच मुलाच्या नावे गाडी, भावाच्या नावे प्लॉट असले दोन वर्षांतले व्यवहारही विचारले जातात.

तिसरी गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. अर्ज केल्यानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही आलं, म्हणजे या काळात तिकडे वडील गेले आणि घरात हिस्सा लागला, तर तोही केसमध्ये येतो आणि कळवावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.

आणि राज्य. कोणत्या जिल्ह्यात अर्ज करायचा हे गेल्या १८० दिवसांतला मोठा भाग कुठे राहिलात यावर ठरतं. पण घर, गाडी, दागिने यांना कोणत्या राज्याचं संरक्षण मिळणार यासाठी मागची पूर्ण दोन वर्षं, ७३० दिवस, बघतात. गेल्या वर्षी न्यू जर्सीहून इथे आलात तर अर्ज नेब्रास्कात, आणि संरक्षणाचे नियम कदाचित न्यू जर्सीचे. हे दोन्ही कायदे फार वेगळे आहेत. न्यू जर्सीत फेडरल यादी निवडता येते, नेब्रास्काने तो पर्याय काढून टाकलाय. कधी कधी चार महिने थांबून अर्ज केल्याने घर वाचतं, कधी उलटं होतं. एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा वकिलाची फी वसूल आहे.

वकील, फी आणि टपाल

गावात दिवाळखोरीचा वकील नसतो, आणि असलाच तर बँकेचा असतो. नेब्रास्काचा परवाना असलेला कुठलाही वकील राज्यभर चालतो. ओमाहा, लिंकन, कर्नी इथले वकील फोनवर काम घेतात आणि अनेकांची पहिली भेट फुकट असते. परवडत नसेल तर लीगल एड ऑफ नेब्रास्काला विचारा. शेतकऱ्यांसाठी राज्यात रुरल रिस्पॉन्स हॉटलाइन आहे. साध्या चॅप्टर ७ साठी अपसॉल्व्ह नावाची ना-नफा संस्था मोफत अर्ज भरायला मदत करते, पण भारतात मालमत्ता असेल तर तुमची केस साधी राहिलेली नाही. 'फॉर्म भरून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. अशा माणसाला टंकलेखनाचे पैसे घेता येतात, पण कोणता चॅप्टर घ्या, काय लिहा हे सांगायची कायद्याने मनाई आहे.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घ्यावं लागतं. तासाभराचं काम, फोनवर किंवा संगणकावर, खर्च साधारण ५० डॉलरच्या आत, आणि परिस्थिती नसेल तर माफ. संस्था नेब्रास्का जिल्ह्यासाठी मंजूर आहे का हे यू. एस. ट्रस्टीच्या (दिवाळखोरीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) यादीत पाहा. दाखल्याविना केलेला अर्ज बहुधा डिसमिस होतो.

कोर्टाची फी चॅप्टर ७ ला ३३८ डॉलर, १३ ला ३१३, १२ ला २७८ आणि ११ ला १,७३८. ती १२० दिवसांत चार हप्त्यांत देता येते. चॅप्टर ७ मध्ये उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीखाली असेल तर माफीचा अर्ज आहे. वैयक्तिक चेक सहसा घेत नाहीत. पोस्टातून मनीऑर्डर करा.

वकील ऑनलाइन दाखल करतो. स्वतः करणाऱ्याला बहुतेक कोर्टांत कागदच पाठवावे लागतात. आणि इथे आमच्यासारख्यांचा घात होतो. अर्ज टाकला त्या तारखेला दाखल होत नाही, क्लार्कच्या हातात पडला की होतो. घराचा लिलाव शुक्रवारी असेल आणि तुम्ही बुधवारी व्हॅलेंटाइनच्या पोस्टात टाकलात, तर स्थगिती कदाचित सोमवारी लागेल आणि घर शुक्रवारीच गेलेलं असेल. अशा वेळी गाडी काढा. सगळी परिशिष्टं तयार नसली तरी चालतं. मुख्य अर्ज, धनकोंची यादी, सोशल सिक्युरिटीचं निवेदन, समुपदेशनाचा दाखला आणि फी, एवढ्यावर केस सुरू होते. बाकीचे कागद १४ दिवसांत.

आणखी एक. अर्जाचा विचार पक्का झाला की क्रेडिट कार्ड कपाटात ठेवा. शेवटच्या ९० दिवसांतली चैनीची खरेदी आणि भारताची बिझनेस क्लासची तिकिटं फसवणुकीच्या खात्यात धरली जाण्याचा धोका असतो.

३४१ ची बैठक

नाव कायद्याच्या कलमावरून. चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर २१ ते ४० दिवसांत होते. समोर न्यायाधीश नसतो, ट्रस्टी असतो, आणि हल्ली ती झूमवर होते. घरचं नेट भरवशाचं नसेल तर सार्वजनिक वाचनालयात बंद खोली मागून घ्या. मालवाहू गाडीत बसून फोन तोंडासमोर धरलेले लोक मी पाहिलेत, ट्रस्टी फार खूश नसतो. फोटो असलेलं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा जवळ ठेवा. शेवटचं टॅक्स रिटर्न बैठकीच्या किमान सात दिवस आधी ट्रस्टीकडे पोचलं पाहिजे. इंग्रजीत अवघडायला होत असेल तर दुभाष्या मोफत मिळतो, फक्त आधी कळवावं लागतं. नातलगाला शेजारी बसवून उत्तरं पुरवायची नाहीत.

प्रश्न बहुतेक पाच-सात मिनिटांचे. सगळी मालमत्ता लिहिली का? देशाबाहेर काही आहे का? गेल्या वर्षात नातेवाइकांना पैसे दिले का? माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी साताऱ्याचा हिस्सा, त्यावर राहणारे काका, चाळीस वर्षं न झालेली वाटणी, सगळं आधीच लिहून दिलं होतं. ट्रस्टीने एकच विचारलं, "हे विकता येईल का?" ते म्हणाले, "काकांना विचारून बघा." पुढचा प्रश्न आला नाही.

यानंतर आर्थिक शिक्षणाचा दुसरा एक छोटा वर्ग करावा लागतो. तो राहून गेला तर डिस्चार्जशिवायच केस बंद होते, आणि ती पुन्हा उघडायला पुन्हा फी. एरवी चॅप्टर ७ चा डिस्चार्ज बैठकीनंतर साधारण दोन महिन्यांनी टपालाने येतो. क्रेडिट रिपोर्टवर नोंद दहा वर्षांपर्यंत राहू शकते.

तो कागद जपून ठेवा आणि मग एकदा काउंटीत जाच. डिस्चार्जने तुमची वैयक्तिक जबाबदारी संपते, पण काउंटीच्या नोंदीत घरावर चढलेला जुन्या निकालाचा बोजा आपोआप उतरत नाही. तो काढायला, शक्यतो केस चालू असतानाच, दिवाळखोरी कोर्टात वेगळा अर्ज करून हुकूम मिळवावा लागतो आणि त्याची प्रमाणित प्रत काउंटीत नोंदवावी लागते. दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर बोजा निघाला की धावपळ होते.

माझ्या कंत्राटदाराच्या केसचा डॉकेट मी शेवटचा पाहिला तेव्हा ट्रस्टीची एका ओळीची नोंद होती: वाटपासाठी काही नाही. दोन सेंटीमीटरची ओळ, १० सेंटचं पान, आणि तिमाहीचं बिल तीस डॉलरच्या आत असल्यामुळे तेही माफ. छप्पर पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याकडून घालून घेतलं. या वेळी आगाऊ पैसे देण्याआधी त्याचं नाव लोकेटरवर टाकलं, दोन्ही स्पेलिंगांनी.